लूसिफरला 'डेथ नोट' देऊ नका

पत्र (थोडक्यात): मी एक लांबलचक फॅनफिक्शन लिहितेय. एकाच घरात सहा देवदूत आणि आठ डीमन राहतात आणि रोज रात्री रिमोटवरून भांडतात. प्रत्येकाला त्याच्या स्वभावाला साजेशी एक ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका द्यायची आहे. यादी केली: लूसिफरला 'डेथ नोट', बेल्झेबबला 'फूड वॉर्स', लेव्हायथनला 'वन पीस', मायकेलला 'अटॅक ऑन टायटन', मॅमनला 'काइजी', अस्मोडियसला काहीतरी चावट. वाचणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, "पुढचं नाव आम्ही आधीच ओळखतो." राफाएलचा तर स्वभावच सापडत नाही, त्याची जागा रिकामी आहे. आणि एक मित्र हटून बसलाय की गॅब्रिएलला 'गॅब्रिएल ड्रॉपआउट'च द्यायची. काय चुकतंय?
– पंखांचा गुंता

प्रिय पंखांचा गुंता,

तुमच्या यादीतली एकही मालिका वाईट नाही. गडबड अशी झाली आहे की तुम्ही पात्राच्या कपाळावरची चिठ्ठी वाचली आणि तीच चिठ्ठी लावलेली मालिका शोधली. बेल्झेबब म्हणजे खादाडपणा, म्हणून स्वयंपाकाची मालिका. लेव्हायथन म्हणजे समुद्र, म्हणून चाच्यांची मालिका. या चिठ्ठ्या बऱ्याच उशिरा चिकटवलेल्या आहेत. लूसिफर गर्व, मॅमन लोभ, अस्मोडियस वासना, लेव्हायथन मत्सर, बेल्झेबब खादाडपणा, सैतान क्रोध आणि बेल्फेगोर आळस, ही जी वाटणी सगळीकडे फिरते ती पेटर बिन्सफेल्ड या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १५८९ साली केली. ती खातेवाटप आहे. त्यात कोण कसा वागतो, कशाने चिडतो, कशाची हाव धरतो, यातलं काही नाही. देवदूतांना तर पापाचं खातंही मिळालेलं नाही, म्हणून राफाएल तुम्हाला कोरा दिसतो.

स्वभाव सापडतो जुन्या मजकुरांत, कारण तिथे ही मंडळी काहीतरी करताना दिसतात. तेव्हा प्रत्येक पात्रासाठी एक कार्ड करा आणि त्यावर तीनच ओळी लिहा. पहिली: हा नेमकं काय करतो? इथे क्रियापद हवं, विशेषण नको. दुसरी: याला काय मिळालेलं नाही? तिसरी: याला दुसऱ्याचं काय सहन होत नाही? कार्डाच्या कोपऱ्यात कुठल्या ग्रंथातून घेतलं ते लिहा आणि एका कार्डावर एकच ग्रंथ ठेवा. एकाच नावाखाली वेगवेगळ्या शतकांतली वेगवेगळी पात्रं दडलेली असतात. ती मिसळली की कुठलीही मालिका चालते, म्हणजेच कुठलीच बसत नाही. मिसळायचीच असतील तर ठरवून मिसळा; खाली अस्मोडियसच्या बाबतीत ते करून दाखवलं आहे.

कार्डाच्या तीन ओळींतून मालिकेकडे जायच्या तीन वाटा निघतात. पहिल्या ओळीतून निघते ती आरशाची वाट: मालिकेत त्याचंच आयुष्य दिसतं. दुसरीतून ओढीची: जे त्याच्याकडे नाही ते मालिकेत आहे. तिसरीतून भांडणाची: मालिका त्याला पटत नाही, पण उठवतही नाही. तुमची अख्खी यादी आरशाच्या वाटेने गेली आहे, त्यातही आरसा पात्राला न दाखवता चिठ्ठीला दाखवला आहे. चौदा पात्रांत आरसे चारपाचांच्या वर जाऊ देऊ नका. उलट सगळीच भांडणं ठेवलीत तर यादी नुसती हुशारी मिरवणारी होते, तेही वाचवत नाही.

आता राफाएल, कारण तुमची रिकामी जागा सगळ्यांत सोपी आहे. 'तोबितचं पुस्तक' (काही बायबलांत असलेला जुना ग्रंथ) वाचा. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत संपतं. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा राफाएल खोटं नाव घेऊन वाटाड्या म्हणून त्याच्याबरोबर जातो आणि दिवसाला एक द्राख्मा मजुरी ठरवतो. वाटेत एक मासा पकडायला लावतो. त्याचं यकृत आणि हृदय जाळून केलेल्या धुराने अस्मोडियस पळतो, पित्ताने तोबियाच्या बापाचं आंधळेपण जातं. आपण कोण हे राफाएल अगदी शेवटी सांगतो आणि सांगितलं की निघून जातो. म्हणजे फिरता वैद्य, जो स्वतः मागे राहत नाही.

ही जवळजवळ 'मुशिशी'च आहे. २००५-०६ ची मालिका, २६ भाग. तिचा नायक गिंको गावोगाव फिरून 'मुशी' नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे होणारे विकार बरे करतो. मुशी त्याच्याकडे ओढले जातात, त्यामुळे त्याला एका जागी फार दिवस थांबता येत नाही. राफाएलच्या दृष्टीने यात एक काटा आहे: तोबितमध्ये उपाय लागू पडतो आणि प्रश्न मिटतो, 'मुशिशी'त पुष्कळदा रोगी अर्धामुर्धाच बरा होतो किंवा बरं होण्याची किंमत मोजतो. शिवाय मुशी दुष्ट नाहीत, ते नुसते जगत असतात. अस्मोडियसला हातपाय बांधून आलेल्या माणसाला हे बघताना काय वाटेल, ते तुम्ही लिहायचं.

बेल्झेबबला स्वयंपाकघरातून बाहेर काढा. बायबलमधल्या 'दुसरे राजे'च्या पहिल्या अध्यायात तो एक्रोन नगराचा देव आहे. राजा अहज्या माडीच्या जाळीतून खाली पडून जायबंदी होतो आणि आपण बरे होऊ का, हे विचारायला या देवाकडे माणसं पाठवतो. एलीया संदेष्टा त्यांना वाटेतच गाठून माघारी धाडतो. देऊळ होतं, नाव होतं, राजाकडून गिऱ्हाईक येत होतं, ते रस्त्यातूनच परत गेलं. पुढे तर त्याचं देवपणच गेलं आणि घोंगावणाऱ्या माश्यांचा सरदार म्हणून तो डीमनांच्या यादीत आला. त्याला 'नोरागामी' द्या (पहिला सीझन २०१४, १२ भाग). तिथला यातो हा स्वतःचं देऊळ नसलेला, ट्रॅकसूट घालून फिरणारा किरकोळ देव आहे; पाच येनला पडेल ते काम करतो आणि एक दिवस आपलं मोठं मंदिर होईल अशी स्वप्नं बघतो. बेल्झेबब आधी हसेल. दुसऱ्या भागापर्यंत हसणं थांबेल.

या दोन जोड्यांवर एक चाचणी करून बघा, ती पुढे सगळीकडे लागेल. जोड्यांची अदलाबदल करायची. राफाएल आणि यातो दोघेही माणसांत मिसळून फिरणारे, दोघेही मजुरीवर काम करणारे. मग राफाएलला 'नोरागामी' का नको? कारण राफाएल ओळख लपवतो आणि यातोला ओळख हवी आहे, त्याची सगळी धडपड त्यासाठीच आहे. राफाएलला तो कळणारच नाही. आणि बेल्झेबबला 'मुशिशी' का नको? कारण मुशींना कुणाची पूजा नको असते, त्याचं दुखणं तिथे येतच नाही. अदलाबदल केल्यावर तुम्हाला असं ठोस कारण देता आलं, तर जोडी पक्की. "हेही चालेल" असं वाटलं, तर ती जोडी यादीतून काढा. 'वन पीस' लेव्हायथनकडून काढून मॅमनला द्या: खजिना आहे, चालतंय. मायकेलला द्या: सोबत्यांवरची निष्ठा आहे, चालतंय. म्हणून ती लेव्हायथनची नव्हतीच.

लूसिफर आणि 'डेथ नोट'. नाव लिहिताच माणूस मरतो अशी वही मिळताच लाइट यागामी हा मुलगा देव बनायला निघतो, म्हणून ही जोडी सगळ्यांना सुचते. पण बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातल्या, मुळात बाबिलोनच्या राजाला उद्देशून असलेल्या ओळींतून लूसिफर घडला आणि तिथे महत्त्वाची गोष्ट आहे पडणं. पहाटेचा तारा वर चढू बघतो आणि खाली येतो. लाइट यागामी शाळकरी आहे. ज्याने खरं सिंहासन जवळून पाहिलं, त्याला या पोराचं काय कौतुक? लूसिफरसाठी 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' बघा (पहिला सीझन २०१६, १३ भाग). राकुगो म्हणजे मंचावर गुडघे दुमडून बसून एकट्याने अनेक आवाजांत सांगायची कथा. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकाला कला उपजत आहे, प्रेक्षक त्याच्यावर जीव टाकतात, आणि गुरूशी वाद होऊन तोच घराण्याबाहेर काढला जातो. दुसरा कष्टाळू, आतून जळणारा. तो आत राहतो. लूसिफरने ही मालिका मायकेलच्या शेजारी बसून बघावी, दोघांनीही एक शब्द बोलू नये. तुमच्या गोष्टीतला सगळ्यांत चांगला प्रसंग इथे आहे, असं आमचं मत. एक सूचना: पहिला भाग दुप्पट लांबीचा आहे आणि खरी गोष्ट दुसऱ्या भागापासून भूतकाळात जाते, म्हणून पहिल्यावर निकाल देऊ नका.

मग 'डेथ नोट'चं काय? ती मायकेलला द्या. हे उलटं वाटेल, पण बायबलमधल्या यहूदाच्या पत्रातलं नववं वचन बघा: मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद झाला तेव्हा मायकेलने स्वतः दोष ठेवायचं धाडस केलं नाही, धमकावण्याचं काम प्रभूवर सोपवलं. तलवार हातात असून निवाडा करत नाही, असा हा सेनापती. लाइटकडे तलवार नाही आणि तो दिवसाला डझनभर निवाडे करतो. त्यातून जग स्वच्छ करायची लाइटची भाषा देवदूताच्या भाषेच्या फार जवळ आहे, हे मायकेलला जास्त खुपेल. ३७ भाग तो दात-ओठ खात पुरे करील. भांडणाची वाट नको असेल आणि मायकेलला मऊ करायचा असेल, तर 'व्हिनलंड सागा' आहे. पहिला सीझन (२०१९, २४ भाग) लढाया आणि सूड, दुसरा (२०२३, २४ भाग) शेती. होय, शेती: गुलाम झालेला योद्धा जंगल तोडून गहू पिकवतो. मायकेलसाठी दुसरा सीझन महत्त्वाचा, पण पहिला टाळता येत नाही. पहिल्यात हात किती रक्ताळले हे बघितल्याशिवाय दुसऱ्यातली कुदळ जड वाटत नाही. 'अटॅक ऑन टायटन' का नको, याचं उत्तर अदलाबदलीतच मिळेल. तिथे तुमच्या घरातले निम्मे लोक बसतात.

अझाझेलचं नाव पत्रात नव्हतं, पण आठ डीमन म्हणजे बिन्सफेल्डचे सात आणि बहुधा हाच. नसला तर घ्या, सोडण्यासारखा नाही. 'हनोखच्या पुस्तकात' (जुना ज्यू ग्रंथ) तो माणसांना तलवारी, सुऱ्या, ढाली आणि चिलखतं करायला शिकवतो, धातू ओळखायला, बांगड्या-दागिने घडवायला आणि डोळ्यांत अंजन घालायलाही शिकवतो. शिक्षा म्हणून त्याचे हातपाय बांधून त्याला दुदाएल नावाच्या जागी अंधारात टाकतात आणि वर खडबडीत दगड रचतात. आता 'डॉ. स्टोन' (२०१९, पहिला सीझन २४ भाग): सगळी माणसं दगड झालेली, सेन्कू सुमारे ३,७०० वर्षांनी दगडातून बाहेर येतो आणि लोकांना काच, लोखंड, सल्फा औषध, एकेक वस्तू पायरीपायरीने बनवायला शिकवतो. दगडाखालून सुटलेला शिक्षक, आणि त्याला शिक्षा करायला कुणी येत नाही! हा आरसाच आहे, पण इतका नेमका आरसा मिळाला तर सोडू नये. आणखी एक बारकावा: अझाझेलला बांधायची आज्ञा राफाएललाच झाली होती. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात राफाएलने बांधलेले दोघं बसलेले आहेत. सोफ्यावर कोण कुठे बसतो, हे आधी आखून घ्या.

लेव्हायथनचं समुद्राशी नातं खरं आहे, पण बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या ४१ व्या अध्यायात त्याची थोरवी वेगळी सांगितली आहे: पृथ्वीवर त्याच्या तोडीचा कुणीच नाही, तो भीती न बाळगणारा घडवला आहे. मत्सर नंतर आला. ज्याच्या तोडीचा कुणी नाही त्याने मत्सर कुणाचा करायचा? तो कंटाळतो. 'वन पंच मॅन' (२०१५, १२ भाग) तंतोतंत याच कंटाळ्याची गोष्ट आहे: सैतामा एका ठोशात प्रत्येकाला आडवा करतो आणि म्हणून कशातच राम उरत नाही. बिन्सफेल्डचा मत्सरी लेव्हायथनच हवा असेल तर कार्ड बदला आणि 'ब्लू पीरियड' (२०२१, १२ भाग) द्या. त्यात चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा मुलगा दुसऱ्याच्या उपजत हाताकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर मत्सराचीच आहे. दोन्ही एकदम मात्र देऊ नका.

मॅमनला 'काइजी' देण्यात एक नेहमीची चूक आहे: लोभी माणूस जुगारी असतो असं समजणं. साठवणारा माणूस जुगार खेळत नाही. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) मॅमन स्वर्गात असतानाही मान खाली घालून सोन्याची फरसबंदी न्याहाळत असे, आणि नरकात सभा भरते तेव्हा तो युद्धाला विरोध करतो. इथेच खाणी आहेत, इथेच वैभव उभारू म्हणतो. हा बिल्डर आहे. त्याला 'स्पाइस अँड वुल्फ' आवडेल. तिथे फिरता व्यापारी नाण्यातल्या चांदीचं प्रमाण बदलणार या कुणकुणीवर सौदे करतो. लांडग्याच्या कानांची देवी होलो बाकी सगळ्यांना आवडते. मॅमन तिच्याकडे बघणारही नाही, नाण्याचं वजन ऐकायला भाग मागे नेईल.

अस्मोडियसला चावट मालिका देणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. तोबितमध्ये तो सारा नावाच्या मुलीच्या सात नवऱ्यांना लग्नाच्या रात्रीच मारतो. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला अश्मदाय (हाच अस्मोडियस) त्याहून गुंतागुंतीचा आहे. बांधून शलमोन राजाकडे नेत असताना तो वाटेत लग्नाची वरात बघून रडतो, कारण नवरा तीस दिवसांत मरणार हे त्याला ठाऊक असतं. सात वर्षं टिकतील असे जोडे मागणाऱ्याला बघून हसतो, कारण त्याचे सात दिवसही उरलेले नसतात. वाट चुकलेल्या आंधळ्याला तो रस्त्यावरही आणून सोडतो. दोन ग्रंथांतली पात्रं इथे मुद्दाम जोडा, कारण दोन्हींत धागा एकच आहे: लग्न आणि मरण यांच्या मधोमध उभा असलेला, पुढचं आधीच दिसणारा डीमन. त्याच्यासाठी 'युअर लाय इन एप्रिल' (२०१४-१५, २२ भाग). स्वतःचं वादन ऐकू येईनासा झालेला पियानोवादक मुलगा, त्याला पुन्हा मंचावर ओढणारी व्हायोलिनवादक मुलगी, आणि शेवटाची चाहूल मालिका बरीच आधी देते. बाकीचे शेवटी रडतील. अस्मोडियस पहिल्याच भागात रडायला लागेल आणि का ते सांगणार नाही.

सैतान आणि लूसिफर यांना एकच समजू नका, बिन्सफेल्डच्या वाटणीत ते वेगळे आहेत. ते तसेच ठेवा. ईयोबातला सैतान आकाशातल्या दरबाराचा सरकारी वकील आहे. तो परवानगीशिवाय काही करत नाही, त्याचा एकच प्रश्न असतो: हा माणूस फायद्याशिवायही चांगला राहील का? त्याला 'मॉन्स्टर' द्यायची (२००४-०५, ७४ भाग). ड्युसेलडॉर्फमधला जपानी शल्यविशारद डॉ. तेन्मा महापौराला मागे ठेवून आधी आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करतो, मुलगा जगतो, आणि मोठा होऊन खुनी निघतो. सगळे जीव सारखे, या डॉक्टरच्या तत्त्वाची पुढे पार शेवटपर्यंत उलटतपासणी होते. सैतान दर पाच मिनिटांनी थांबवून इतरांना प्रश्न विचारतो, म्हणून ही मालिका त्या घरात कधी संपत नाही. तशीही ती सुमारे तीस तासांची आहे.

उरलेल्या देवदूतांपैकी उरिएल झटपट होतो. 'दुसरे एज्रा' या जुन्या ग्रंथात तो एज्राच्या प्रश्नांना आणखी अवघड प्रश्नांनी उत्तर देतो: आगीचं वजन कर, वारा मोजून दाखव, गेलेला दिवस परत बोलाव. त्याला 'किनोज जर्नी' (२००३ ची, १३ भाग): प्रत्येक देशात तीन दिवस राहायचं, बघायचं आणि निकाल न देता पुढे जायचं. रेमिएलला 'डेथ परेड' (२०१५, १२ भाग) भांडणाच्या वाटेने. हनोखच्या परंपरेत तो मेल्यानंतर पुन्हा उठणाऱ्यांवर नेमलेला. मालिकेत एकाच वेळी मेलेल्या दोघांना बारमध्ये डार्ट नाहीतर बोलिंग खेळायला लावून त्यांचा निवाडा करतात. रेमिएलने लेखी तक्रार करावी इतकी कार्यपद्धती चुकीची आहे. त्याला 'इव्हँजेलियन' द्यायचा मोह कुणाला होईल, कारण तिथे रामिएल नावाचा देवदूत आहे. पण तो निळ्या रंगाचा, किरण सोडणारा अष्टफलक आहे. विनोदाला एकदा वापरा, जोडीला नको.

मेटाट्रॉन स्वर्गाचा लेखनिक, म्हणून इतिहासकाराच्या सुरात सांगितलेली 'लिजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' (१९८८ ते १९९७, ११० भाग). तो टिपणं काढेल. बेल्फेगोरला लांब मालिका देऊ नका, आळशी माणूस मालिका संपवत नसतो. नंतरच्या दंतकथांत तो लोकांना कल्पक शोध सुचवतो. आळस आणि शोधकपणा एकत्र हवे असतील तर 'माय नेबर सेकी' (२०१४): अभ्यास टाळायला बाकावर खोडरबर-पेन्सिलींचे अचाट खेळ रचणारा मुलगा. २१ भाग, प्रत्येक सातआठ मिनिटांचा, सगळे मिळून तीन तासही नाहीत.

उरला गॅब्रिएल. तो निरोप्या आहे, पण कसा? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या नुसती शंका काढतो, तर गॅब्रिएल त्याला मूल होईपर्यंत मुका करून टाकतो. निरोप बिनचूक, समोरच्याच्या मनाचा विचार शून्य. म्हणून 'व्हायोलेट एव्हरगार्डन' (२०१८, १३ भाग) ओढीच्या वाटेने त्याची आहे. व्हायोलेट दुसऱ्यांची पत्रं लिहून देते; आधी शब्द अचूक आणि भाव गायब असतात, मग ती हळूहळू न बोललेलं ऐकायला शिकते. दहाव्या भागात एक आई मुलीसाठी पुढच्या पन्नास वाढदिवसांची पत्रं लिहवून घेते. गॅब्रिएलने सगळे निरोप ताबडतोब पोचवले, पन्नास वर्षं थांबून पोचणारा निरोप त्याने पाहिलेला नाही. ही जोडीही थोडी अपेक्षित आहे, पण कारण अपेक्षित नाही, म्हणून चालेल. जाता जाता: तालमूदमध्ये गॅब्रिएल योसेफाला एका रात्रीत सत्तर भाषा शिकवतो, तेव्हा घरात सबटायटल नको म्हणणारा तोच, आणि सगळ्यांना पुढचं आधी सांगून टाकणाराही तोच.

लिहिताना काही गोष्टी हमखास घसरतात. मालिकेचं नुसतं नाव लिहू नका, वर्षही ठरवा: 'किनोज जर्नी' २०१७ मध्ये, 'गॅलॅक्टिक हीरोज' २०१८ मध्ये आणि 'स्पाइस अँड वुल्फ' २०२४ मध्ये नव्याने आली, वाचक भलतीच आवृत्ती धरून बसतो. प्रत्येक जोडीखाली कारणाचं एक वाक्य लिहा आणि त्यात मालिकेतला एक प्रसंग आलाच पाहिजे. "डार्क आहे म्हणून", "गोड आहे म्हणून" अशी वाक्यं निघाली तर तुम्ही ती मालिका बघितलेली नाही, किंवा पात्राचं कार्ड कोरं आहे. न बघितलेली मालिका द्यायचीच असेल तर निदान तीन भाग बघा; 'मुशिशी' आणि 'किनो'चे कुठलेही तीन चालतात, 'मॉन्स्टर'चे पहिले तीनच हवेत, 'व्हिनलंड'ला मात्र तीन भागांत काहीच कळत नाही. शेवट उघड करायचा असेल तर प्रकरणाच्या वरच सांगा. लहान वाचक असतील तर 'मॉन्स्टर', 'व्हिनलंड' आणि 'राकुगो' मोठ्यांसाठी आहेत, हेही तिथेच लिहा. आणि मायकेल, गॅब्रिएल हे ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिन्ही परंपरांत श्रद्धेचे आहेत. विनोद त्यांच्या बघण्याच्या सवयींवर करा, उपासनेवर नको. वाचक दुखावतही नाहीत आणि विनोदही जास्त चांगले होतात.

तुमच्या मित्राचा हट्ट थोडा पुरवता येईल. 'गॅब्रिएल ड्रॉपआउट'मध्ये (२०१७, १२ भाग) स्वर्गातली अव्वल विद्यार्थिनी पृथ्वीवर येऊन ऑनलाइन गेमच्या नादी लागते, तिची डीमन मैत्रीण अभ्यासू आणि जबाबदार आहे, आणि राफिएल नावाची देवदूत गोड हसत इतरांना छळते. ती एकट्या गॅब्रिएलची मालिका केलीत तर नावाला नाव जुळवल्यासारखं होईल. ती चौदाही जणांनी एकत्र बघायची मालिका करा. बारा भाग म्हणजे जेमतेम पाच तास, एका रात्रीचं प्रकरण. गॅब्रिएल पहिल्या भागातच उठून जाईल. राफाएल स्वतःचं नाव ऐकून अस्वस्थ होईल. अस्मोडियस त्याच्याकडे बघून त्या रात्री पहिल्यांदा मनापासून हसेल, आणि पुढचा भाग लावायला कधी नव्हे तो बेल्फेगोर उठेल.